गिअर साइडची वळणं

शर्यतीच्या ट्रॅकची मला तीन स्थळं सांगून आली होती. एक दक्षिणेतलं, एक उत्तरेतलं आणि एक घाट चढून गेल्यावर पठारावरचं. मुलगा, म्हणजे मी, बावन्न वर्षांचा, पोट सुटलेला, सिल्वासाजवळ गलोंड्याला पाकिटांच्या प्लास्टिकवर छपाई करणाऱ्या कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर. जमेची बाजू एकच. दारात लाल रंगाची, दोन माणसांची, छत उघडणारी गाडी. तीही आधी कुणीतरी वापरलेली.

गाडी इतकी बुटकी की कारखान्याच्या फाटकावरचा वॉचमन माझ्याशी बोलायला गुडघ्यावर हात ठेवून वाकायचा. स्पीडब्रेकर मी तिरका घ्यायचो, लग्नातल्या जिन्यावरून नऊवारी नेसलेल्या बाईनं उतरावं तसा. पाठीमागे रिक्षावाले हॉर्न वाजवत आणि मी हात हलवून सगळ्यांचे आभार मानत असे.

अशा गाड्यांसाठी हौशी लोकांचे दिवस असतात, हे मला एका गाडीवेड्या ग्राहकाकडून कळलं. शर्यत नसते, बक्षीस नसतं. आपली गाडी घेऊन जायचं, हेल्मेट घालायचं, गटागटानं फेऱ्या मारायच्या आणि घरी यायचं. समोरून ट्रक नाही, गाय नाही, खड्डा नाही. हे ऐकून मी घरी जी काही नाट्यपूर्ण एंट्री घेतली, ती पाहून बायको म्हणाली, "अहो, चप्पल तरी काढा."

सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "जा की. पण एकच. तिन्ही नाही."

एकच, याला कारण होतं. माझ्या डाव्या डोळ्यात काचबिंदू निघाला होता. वापीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "या वर्षी गाडी चालवा, सांभाळून. पुढच्या वर्षी पुन्हा तपासू, मग बोलू." त्या "मग बोलू"चा अर्थ आम्हा नवराबायकोला दोघांनाही कळला होता. तेव्हा माझ्या वाट्याला ट्रॅक येणार होता तो एक. पहिला आणि बहुतेक शेवटचा.

बायकोला काचबिंदू ठाऊक होता. रोज संध्याकाळी तीच थेंब घालायची. तिला ठाऊक नव्हतं ते हे, की डाव्या बाजूची कड माझ्या नजरेतून निघून गेली होती. लोकांना वाटतं तिथे काळं दिसत असेल. काळं दिसलं असतं तर बरं झालं असतं, माणूस सावध तरी राहतो. तिथे काहीच नसतं, आणि काही नाही हेही दिसत नाही. मला ते किलवणी नाक्यावर कळलं. डावीकडचा रस्ता मोकळा होता, मी गाडी पुढे घेतली, आणि त्या मोकळ्या रस्त्यातून एक भरलेली रिक्षा बाहेर पडली. रिक्षावाल्यानं ब्रेक मारला म्हणून आज मी लिहितो आहे. तो गुजरातीत जे बोलला त्यातलं निम्मं मला समजलं, आणि तेवढं पुरेसं होतं.

घरी मी ही गोष्ट सांगितली नाही. मी, जो बाजारात कोथिंबीर घेतल्याचीही दोन अंकी गोष्ट करतो.

तर, तीन स्थळं. ट्रॅकवाल्यांकडून नकाशे आले. मी ते आबांकडे दिले. आबा आमचे सगळ्यांत जुने मशीन ऑपरेटर, नंदुरबारकडचे, माझ्याहून चार वर्षांनी मोठे, म्हणून नोकरीनं मी साहेब आणि वयानं ते आबा. मी म्हटलं, "आबा, हे तिन्ही एका मापात आणा आणि पारदर्शक फिल्मवर काढून द्या. प्रत्येकाचा रंग वेगळा."

आबांनी नकाशे लांब धरून पाहिले. "साहेब, कोणत्या पाकिटाचं डिझाइन हे? शेवया का?"

"गाडी फिरवायचे रस्ते आहेत."

"कुठे जातात?"

"निघाले तिथेच परत येतात."

आबांनी नकाशांची सुरळी केली. मग म्हणाले, "चांगलं मॅनेजर लोकांचं काम आहे."

रविवारी दुपारी आम्ही दोघं कारखान्यात गेलो. खालून दिवे लावलेलं एक काचेचं टेबल आमच्याकडे असतं, रंगावर रंग नीट बसला का ते पाहायला. त्याच्यावर तिन्ही फिल्म एकावर एक ठेवल्या. निळा दक्षिणेतला, हिरवा उत्तरेतला, जांभळा पठारावरचा. दृश्य असं की मी टाळ्याच वाजवल्या. उत्तरेतला ऐसपैस, त्याच्या एका सरळ पट्ट्यात पठारावरचा अर्धा ट्रॅक मावत होता. तिथे मोठ्या इंजिनाच्या गाड्या सुसाट जाणार आणि माझी लाल बाहुली कडेला उभ्या असलेल्या पाहुणीसारखी दिसणार. दक्षिणेतला जुना, मुरलेला, लांब गोलाईची वळणं, एकातून दुसरं निघणारं. तिथे ब्रेक मारून वेग कमी करायचा नसतो, अलगद सोडायचा असतो, असं गाडीवाले म्हणतात. पठारावरचा छोटा, गुंडाळीसारखा. सतत गिअर, सतत ब्रेक, श्वास घ्यायला जागा नाही. पण हलक्या गाडीला असाच ट्रॅक शोभतो. वजन कमी असलं की ती वळणात लवकर वळते.

आबांपुढे मी असं तासभर व्याख्यान दिलं. सगळं खरंच होतं. फक्त मी निवड त्यावरून करत नव्हतो.

मी एका कागदावर गुपचूप मोजत होतो: कठीण वळणं कुठल्या बाजूला. वळताना माणूस वळणाच्या आतल्या बाजूला पाहतो. माझा शाबूत डोळा उजवा, म्हणून मला उजवी वळणं हवी होती. निळ्यात कठीण वळणं डावी. हिरव्यात डावी. जांभळ्यात मात्र एक सोडून सगळी उजवी. मी आतल्या आत उडी मारली आणि मोठ्यांदा म्हणालो, "आबा, हलकी गाडी, छोटा ट्रॅक. पठार ठरलं!"

"मी बी येऊ राहिलो," आबा म्हणाले. "गाडी बंद पडली तर ढकलायला कोण हाय?"

जांभळी फिल्म मी घरी आणून जेवणाच्या टेबलावर पसरली. मग पुढचे दोन महिने ताट हे स्टिअरिंग आणि पायाखालचा पाट हा ब्रेक. पहिलं उजवीकडे, दुसरं उजवीकडे घट्ट, मग थोडं सरळ. माझं अंग खुर्चीत झुकायचं. बायको म्हणायची, "वरण सांडेल." एकदा ती फिल्मकडे वाकून म्हणाली, "हे काय, उलटं लिहिलंय सगळं?"

मी मान वर न करता म्हटलं, "आमच्याकडे असंच असतं." आणि तिसऱ्या वळणात शिरलो.

व्हिडिओ पाहून खात्री करता आली असती. पण दुसऱ्यानं आधी पाहिलेलं वळण मला नको होतं. लग्नाआधी मुलीचे फोटो गावभर फिरलेले आवडतील का? असा माझा तोरा.

आदल्या दिवशी पहाटे आम्ही निघालो, मधे मुक्काम केला आणि ठरल्या सकाळी ट्रॅकवर पोहोचलो. फॉर्म भरला. नजरेचा दोष? मी लिहिलं, "चष्मा." खोटं नव्हतं.

गाड्या सुरू होण्याआधी सगळ्यांना ट्रॅकवरून पायी फिरवतात. पंधरावीस माणसं, बहुतेक माझ्या मुलीच्या वयाची. सगळी व्यवस्था पाहणाऱ्या बाई पुढे, त्याही तिशीतल्या. उन्हात गवताचा वास, पठाराचा वारा, आणि पायांखाली इतका गुळगुळीत डांबरी रस्ता की मी वाकून त्याला हात लावला. हात लावून उठलो, समोर पाहिलं, आणि सगळी माणसं डावीकडे वळत होती.

मला वाटलं, पाणी प्यायला चालली असतील. पण रस्ताच डावीकडे वळत होता. पुढचं वळण, तेही डावीकडे, घट्ट. मी आबांकडे पाहिलं. आबा पळत गाडीकडे गेले, डिकीतून फिल्मची गुंडाळी घेऊन आले, तिथेच डांबरावर उघडली. पाहिलं. मग त्यांनी ती उचलली, पालथी केली आणि पुन्हा खाली ठेवली. सगळं जुळलं. वळणं जुळली, बाण जुळला, अक्षरंही सरळ झाली.

आमच्या कारखान्यात सगळं उलटं छापतात. आरशात दिसावं तसं, फिल्मच्या आतल्या बाजूनं, म्हणजे बाहेरून सरळ दिसतं आणि शाई घासली जात नाही. आबांचा हात सवयीनं तसाच गेला. आणि पंचवीस वर्षं उलटी अक्षरं वाचून माझे डोळे असे झालेत की उलटं आणि सरळ यांतला फरक मला कळतच नाही. जगात कुठलाही शहाणा माणूस पहिल्या शब्दालाच ओरडला असता. बायको ओरडलीही होती.

आबा डोक्याला हात लावून बसले. "साहेब, माझी चूक झाली."

"तुम्ही उलटं काढलंत, मी उलटं वाचलं. दोघं मिळून झालं असतं सरळ," मी म्हटलं, आणि मला हसू आवरेना. तिन्ही नकाशे उलटे होते. म्हणजे मी नाकारलेली दोन्ही स्थळं माझ्यासाठी चांगली होती, आणि पसंत केलं ते एकच नेमकं वाईट.

आबा हसले नाहीत. "पण मग काय बिघडलं? उजवीकडचं डावीकडे. इतकंच ना? तुम्ही काय घाबरू राहिले?"

तेव्हा मी त्यांना सांगितलं. डांबरावर उकिडवा बसून, एकही अभिनय न करता. किलवणी नाका सांगितला, रिक्षा सांगितली. ती माझी आयुष्यातली सगळ्यांत छोटी गोष्ट असेल. चारपाच वाक्यांत संपली.

आबा म्हणाले, "वहिनींना?"

"नाही."

त्यांनी फिल्म गुंडाळली. "आधी त्या बाईंना सांगा."

मी सांगितलं. त्यांनी माझा फॉर्म काढला, "चष्मा" या शब्दाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काका, तुमच्या डावीकडून कुणी गेलं असतं आणि तुम्ही आत वळला असता, तर?" उत्तर त्यांना येतच होतं. मी काखेतलं हेल्मेट त्यांच्या टेबलावर ठेवलं.

सकाळभर आम्ही दोघांनी कठड्यावर बसून दुसऱ्यांच्या गाड्या पाहिल्या. आबांनी दोनदा विचारलं, बरं वाटतंय ना.

जेवणाच्या सुट्टीत ट्रॅक रिकामा झाला आणि बाई आल्या. "काका, पुढे माझी गाडी, मागे तुम्ही. माझ्यापेक्षा जास्त वेग नाही. तीन फेऱ्या. शेजारी कुणीतरी डोळे असलेलं बसवा."

आबा हेल्मेटमध्ये डोकं घालत असतानाच मी दार उघडलं.

छपाईच्या मशीनला दोन बाजू असतात. बटणं असतात ती ऑपरेटर साइड, आणि पलीकडे दातेरी चाकं असतात ती गिअर साइड. एका माणसाला दोन्ही कडा दिसत नाहीत. म्हणून नवं काम लावताना दोघं उभे राहतात. पलीकडचा रंग सरकला की तिथला माणूस ओरडतो, "गिअर साइड!" आणि अलीकडचा न पाहता बटण फिरवतो. न पाहता, यातच सगळं आलं. आबा आणि मी असे किती वर्षं उभे राहिलो असू.

मी उजवीकडे स्टिअरिंगवर, आबा डावीकडे. पहिलं वळण आलं आणि हेल्मेटच्या आतून आवाज आला, "गिअर साइड! थोडं... थोडं... बस!" मी हात फिरवले. गाडी वळली. दुसरं घट्ट वळण. "गिअर साइड, जास्ती!" एकच उजवं वळण आलं, तेव्हा आबा म्हणाले, "हे तुमचं तुम्ही बघा," आणि ते मी असं काही देखणं घेतलं की पुढच्या गाडीतल्या बाईंनी आरशात पाहिलं असावं.

वेग फार नव्हता. सुरंगीकडच्या रस्त्यावर आमचा टेम्पोवाला याहून जोरात जातो. पण तिसऱ्या फेरीत माझ्या एक गोष्ट लक्षात आली. ताटाचं स्टिअरिंग धरून मी दोन महिने हा ट्रॅक एकट्यानं मारला होता, आणि एकही वळण आठवत नव्हतं. आता आठवत होतं ते प्रत्येक वळणाला आलेल्या आवाजासकट.

थांबल्यावर बाईंनी विचारलं, "अजून एक?"

"नको," मी म्हटलं. आबांना टेम्पो चालवायचा परवाना होता. मी किल्ली त्यांच्या हातात दिली. "घरापर्यंत तुम्ही."

"ही? मी?" त्यांनी शर्टाला हात पुसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सिल्वासात शिरलो. किलवणी नाक्यावर आबांनी गाडी अचानक थांबवली. मी रस्त्याकडेच पाहत होतो, रस्ता मोकळा होता. मग त्या मोकळ्या रस्त्यातून एक रिक्षा आमच्या नाकासमोरून गेली, मागे शाळेची पोरं लटकलेली. आबांनी गिअर टाकला आणि निघाले.

बायको फाटक उघडून उभी होती. डाव्या सीटवरून उतरणाऱ्या मला पाहून ती क्षणभर थबकली, मग आबांना चहाला आत बोलावलं. "कसा होता ट्रॅक?"

मी नाक्यापासून सुरुवात केली. आधीची रिक्षा, आताची रिक्षा, फॉर्मवरचा "चष्मा," मग उलटी फिल्म. माझ्या गोष्टी ती कधी इतक्या शांतपणे ऐकत नाही. आबा बशीत चहा ओतून जमिनीकडे पाहत बसले होते.

"मी म्हटलं होतं, उलटं लिहिलंय म्हणून," ती शेवटी म्हणाली.

"म्हटलं होतंस."

"उद्या कारखान्यात मी सोडेन. सीट पुढे घ्यावी लागेल, माझे पाय पोचत नाहीत." मग ती कपाटातून थेंबांची बाटली घेऊन आली, माझी हनुवटी धरून मान मागे केली. "वर बघा. आणि आता बोलू नका."

मी वर बघितलं.