ऊन जोधपूरचं, जळफळाट डिचोलीचा

ऑफिसातले किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत, एसीच्या जाळीवर धूळ बसते तसे आपोआप साठतात! आमचं ऑफिस गोव्यात, डिचोलीत, काम मात्र राजस्थानचं. तिथली नवी इमारत उन्हात किती तापेल, थंड ठेवायला वीज किती लागेल, ते कॉम्प्युटरवर मॉडेल करून सांगायचं. वाळवंट आमच्यापैकी एकानेही पाहिलेलं नाही. त्यामुळे जोधपूरच्या साइटवर जायला मी आणि शेजारच्या पाळी गावचा विनय, दोघंही टपलेलो. आणि विनय सरांचा लाडका!

*

माझ्या पहिल्याच मॉडेलमध्ये जोधपूरचं घर भट्टीसारखं तापलं. मी इथल्याच पेडण्याची, सवयीने खिडक्या दिवसभर उघड्या ठेवलेल्या! तिकडे त्या दिवसा बंद ठेवतात. विनय सगळ्यांसमोर म्हणाला, "अगो, जोधपुरात पेडण्याचो वारो खंयसून येतलो?" सरसुद्धा हसले. ते हसणं मला अजून टोचतं.

*

पश्चिमेच्या भिंतीवर सावली पाडायची युक्ती मी विनयला चहा पिताना सांगितली. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये त्याने ती स्वतःची म्हणून सांगितली. क्लायंट खूश! मी टाळ्या वाजवल्या, पण दुपारी भाजीबरोबरचा उंडा पाव काही गोड लागला नाही.

*

एकदा एसी बंद पडला. आम्ही पाच उष्णतातज्ज्ञ फायलींनी वारा घेत बसलो. झाडलोट करणाऱ्या, सर्वण गावच्या शांताबाईने मागचं दार आणि समोरची खिडकी उघडली. "शिकलेली मानसां तुमी!" म्हणाली. वारा आला.

*

शेवटी सरांनी पैज लावली. आमच्याच गच्चीचा स्लॅब पंधरा दिवस कसा तापेल, त्याचं मॉडेल दोघांनी करायचं. गच्चीवरच्या सेन्सरशी ज्याचा ग्राफ जुळेल, तो जोधपूरला! सेन्सरचे आकडे न बघता पेनड्राइव्हवर आणून सरांना द्यायचं काम विनयकडे.

निकालाच्या दिवशी माझा ग्राफ सेन्सरच्या कितीतरी वर. विनयचा मात्र रेघेवर रेघ! सरांनी त्याची पाठ थोपटली. मी नुसती जळत होते.

तेवढ्यात शांताबाई चहा घेऊन आली. स्क्रीनवर सेन्सरचा फोटो बघून थबकली.

"ता यंत्र? उन्नान करपात म्हणान मी रोज ओला गोणपाट घालतंय त्येच्यावर!"

सरांनी दोन्ही ग्राफ पुन्हा नीट पाहिले.

"विनय, तुझ्या मॉडेलमध्ये गोणपाट कुठे घातलंस रे?"