काचवाल्याकडे उद्या या!

दुकानात काम करणाऱ्या माणसाकडे आणखी काही साठो न साठो, किस्से साठतातच. टाचण्या डबीत, हँगर माळ्यावर आणि किस्से डोक्यात! माझ्याकडचे तर बहुतेक एकाच काचेपाशी घडलेत, त्यामुळे शोधायलाही लागत नाहीत.

डहाणू रोडला आमचं तीन मजली स्टोअर आहे. साड्या, सूट, घड्याळं, पर्फ्युम, परदेशी क्रोकरी, वरती एसी, लिफ्टमध्ये आरसा! पाटीवर भलंमोठं इंग्रजी नाव आहे, पण ते कुणी घेत नाही. तलासरीपासून चिखल्यापर्यंत सगळे म्हणतात 'काचवाला'. कारण रस्त्याच्या बाजूला बारा फुटी अखंड काच आहे आणि तिच्या मागे साड्या नेसवलेल्या दोन डमी.

२०१४ साली मी तिथे साडी काउंटरला लागले. मला शिवण येतं एवढं कळल्यावर मोठ्या शेठनी दुसऱ्याच आठवड्यात सांगून टाकलं, "कुंदाबेन, आजपासून काच तुमची."

मी घाबरून म्हटलं, "शेठजी, फुटली तर?"

"फुटली तर माझी. दिसली तर तुमची."

*

या काचेचा इतिहास शेठ स्वतः सांगायचे. तरुणपणी ते लग्नाच्या खरेदीला घरच्यांबरोबर मुंबईला गेले होते. तिथे एका मोठ्या दुकानाच्या शोकेससमोर जे उभे राहिले ते उभेच. घरची मंडळी पुढे निघून गेली. मग शोधाशोध! दोन तासांनी सापडले ते त्याच जागी.

मी विचारलं, "लग्न कोणाचं होतं?"

"माझंच!"

पुढे स्वतःचं स्टोअर बांधलं तेव्हा तशीच काच मागवली. ट्रकमध्ये भाताचा पेंढा पसरून त्याच्यावर ती आणली. आशागडपासून डहाणूपर्यंत शेठ ट्रकच्या पुढे चालत आले, ड्रायव्हरला एकेक खड्डा दाखवत. शेठाणी म्हणतात, "आमच्या वरातीत एवढे जपून नव्हते चालले!"

*

शेठचा एक नियम होता. मांडणी बदलायची त्या दिवशी काचेला बाहेरून वर्तमानपत्रं चिकटवायची. अर्धी मराठी, अर्धी गुजराती. म्हणजे येणारेजाणारे वाचत उभे राहतात! आत काय चाललंय ते कुणालाही सांगायचं नाही. विचारलं की एकच उत्तर, "उद्या या."

लोक काय कमी? थुंकीने बोट ओलं करून कागदाला भोक पाडायचे आणि डोळा लावायचे. संध्याकाळपर्यंत कागदाची चाळण व्हायची. मी आतून बघायचे तर गुडघ्याच्या उंचीवर पोरांचे डोळे, वर बायकांचे, त्याच्या वर रिक्षावाल्यांचे.

एकदा एक बडे पोलीस अधिकारी आले. त्यांच्या बायकोला काचेत काय येतंय ते आधीच हवं होतं. शेठनी हात जोडले, "साहेब, उद्या या." साहेब चिडले, "मी कोण आहे माहीत आहे ना?" शेठ म्हणाले, "माहीत आहे. काल रात्री जेवताना माझ्या बायकोने विचारलं. तिलापण हेच सांगितलं. तुम्ही तिच्यापेक्षा मोठे असाल तर बोला."

साहेब दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन मुकाट्याने आले.

*

माझी पहिली मांडणी मात्र फसली. लग्नसराई होती. म्हटलं, किनाऱ्यावरच्या बायका नेसतात तशी काष्ट्याची साडी नेसवू. तासभर खपून नेसवली. सकाळी कागद काढला आणि समोर मासळीच्या टोपल्या घेऊन चाललेल्या बायका थांबल्या. थांबल्या त्या पोट धरून हसायलाच लागल्या!

त्यातली एक टोपली खाली ठेवून तडक आत आली. मंजुळामावशी. समोरच्या फुटपाथवर सुके बोंबील विकायची. मला म्हणाली, "ही बाय कोनच्या गावची?"

"का हो?"

"नेसलीय का गुंडाळलीय? अशी होडीतनं उतरली तर पयल्याच पावलाला पान्यात जाईल!"

आणि थेट काचेत चढली. डमीला फिरवून, कमरेला गुडघा लावून, दोन मिनिटांत अशी नेसवली की डमीसुद्धा ताठ उभी राहिली. बाहेर ही गर्दी! टाळ्या पडल्या. मला आधी शरम वाटली, मग मीही टाळ्या वाजवल्या.

घोटाळा नंतर कळला. मावशीच्या हातांना बोंबलाचा वास. तो साडीला लागला. पुढचे आठ दिवस चार मांजरं काचेसमोर ठाण मांडून बसली. शेठ मला म्हणाले, "कुंदाबेन, गिऱ्हाईक वाढलं!"

तेव्हापासून मावशी काचेची इन्स्पेक्टर झाली. तिचा शेरा मिळाल्याशिवाय मला मांडणी झाल्यासारखी वाटायचीच नाही. कागद लावला की तीही रस्त्यापलीकडून ओरडायची, "काय लावतीस गो?" मी म्हणायचे, "उद्या ये, मावशी!" ती बोंबील हलवत शिव्या द्यायची.

*

एकदा पाड्यावरचं एक कुटुंब लग्नाचा बस्ता बांधायला आलं. आतली फरशी इतकी चकचकीत, की म्हाताऱ्या बाबांनी चपला काचेखाली काढल्या. मग घरच्या सगळ्यांनी काढल्या. ते बघून पाठच्यांनी काढल्या. दुपारपर्यंत काचेखाली चपलांची रांग लागली!

समुद्रावर निघालेली मुंबईची एक गाडी थांबली. काचेत साडी नेसलेल्या दोन मूर्ती, खाली चपला. खिडकीतून एक बाई शेठना विचारते, "दर्शनाला किती वेळ लागेल?"

शेठ म्हणाले, "दर्शन बाहेरूनच आहे. आत प्रसाद मिळतो!"

बाई उतरल्या. चपला काढून आत गेल्या आणि दोन साड्या घेऊन बाहेर आल्या.

*

मग शेठचे गुडघे गेले आणि नीलेशभाई गल्ल्यावर बसले. शेठचा हा मुलगा उंच, इतका की साडी विभागाच्या दारातून वाकूनच यायचा. उजव्या हातात पोवळ्याची अंगठी. माणूस सरळ, पण हसणं जरा बेताचं. काचेत त्यांना रस नव्हता. म्हणायचे, "कुंदाबेन, लोक आता फोनवर बघतात."

त्यातच इकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले. तलासरीकडची माणसं घराबाहेर झोपायला लागली. आमच्याकडे एका दुपारी असा धक्का आला की क्रोकरी वाजायला लागली. आम्ही सगळे जिवाच्या आकांताने रस्त्यापलीकडे पळालो. नीलेशभाई स्टाफ मोजत होते. "सगळे आले ना? कोणी आत नाही ना?"

मंजुळामावशी ओरडली, "दोन बाया ऱ्हायल्या!"

नीलेशभाई पांढरे पडले आणि दाराकडे धावले. मावशी काचेकडे बोट दाखवत होती. आत दोघी डमी थरथरत उभ्या! भीतीने अर्धमेले झालेले आम्ही सगळे खो खो हसत सुटलो.

नीलेशभाई हसले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "मी काच हलताना बघितली, कुंदाबेन. तिच्याखाली लोक चपला काढतात. कोणाला लागलं तर?"

बरोबरच होतं ते. काच बसवणाऱ्या कारागिराने दोन मार्ग सांगितले होते. एक तर काचेला फिल्म लावायची, म्हणजे तडा गेला तरी तुकडे उडत नाहीत. नाही तर काच काढायची. नीलेशभाईंनी काढायचं ठरवलं. भिंत घालायची, आतून शेल्फ करायचे. त्या दिवशी ट्रायल रूममध्ये जाऊन मी रडले. पाच वर्षं मी दुसऱ्याच्या काचेला माझी काच म्हणत होते, हे तेव्हा कळलं.

*

मिस्त्री यायला चार दिवस होते. मी नीलेशभाईंना विचारलं, "शेवटची एक मांडणी करू?"

ते हिशेबाच्या वहीतून वर न बघता म्हणाले, "करा. काय लावणार?"

सवयीने तोंडातून निघून गेलं, "उद्या या!"

मालकाला असं कोण बोलतं? त्यांनी वहीतून मान वर केली. मी तिथून सटकले.

त्याच सकाळी काचेला बाहेरून वर्तमानपत्रं लावली. काचेत शिरायला दुकानातून एक छोटं दार आहे, ते ओढून घेतलं. पुन्हा काष्ट्याचीच साडी नेसवायची होती आणि या वेळी ती पहिल्यापासून बरोबर हवी होती, म्हणून मंजुळामावशीला आत घेतलं. पहिल्यांदाच ती कागदाच्या आतल्या बाजूला होती आणि त्याचा रुबाब काय विचारता! हात तिने तीनदा साबणाने धुतले होते.

बाहेर बातमी फुटली होती. शेवटची मांडणी म्हटल्यावर भोकांवर भोकं पडत होती. खाली पोरांचे डोळे, वर बायकांचे, त्याच्या वर रिक्षावाल्यांचे. मावशी प्रत्येक डोळ्याला हातवारे करून हाकलत होती.

दुपारी बाहेर जरा सामसूम झाली. मी खाली बसून निऱ्यांना टाचण्या लावत होते. तेवढ्यात कागदावर अगदी वर टरकन आवाज आला. वर बघितलं. जिथे आजवर कधीच भोक पडलं नव्हतं, माझा हातही पोचणार नाही, अशा उंचीवर कागद ओला झाला. एक बोट काचेला टेकलं. बोटात पोवळ्याची अंगठी.

बोट गेलं, डोळा आला.

छोट्या दाराला कुलूप नव्हतं. दुकान त्यांचं, दार त्यांचं, काचही त्यांची. मला हलताच येईना.

मावशीला अंगठीबिंगठी काही दिसली नव्हती. तिने वर बघितलं, कमरेवर हात ठेवले आणि काच दणाणेल अशी ओरडली, "उद्या ये रे मेल्या!"

डोळा दचकला. गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद काढला. काचेत दोघी डमी काष्ट्यात, होडीतून उतरल्या तरी पाण्यात पडणार नाहीत अशा! रस्त्यावर उभं राहायला जागा नव्हती. शेठ रिक्षातून आले होते, ते रिक्षातच बसून बघत होते. नीलेशभाई गर्दीच्या मागे उभे होते. उंचीमुळे त्यांना सगळं दिसत होतं.

तीन दिवसांनी मिस्त्री आला. टेम्पोत विटा, रेती, बरोबर दोन माणसं. पण काचेसमोर स्टुलावर चढून काच बसवणारा कारागीर आधीच टेपने माप घेत होता. बाजूला फिल्मची भलीमोठी गुंडाळी उभी केली होती आणि नीलेशभाई ती दोन्ही हातांनी धरून होते.

मिस्त्रीने विचारलं, "शेठ, भिंत कधी चालू करू?"

नीलेशभाईंनी आधी काचेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"उद्या या," म्हणाले.