ह्यांची इटालियन गाणी

ह्यांना पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा रजेचे बारा दिवस उरले होते. इटालियन प्रवासी बोटीच्या किचनमध्ये हे एकोणीस वर्षं कामाला. आठ महिने समुद्रावर, मग तीन महिने बोरीवलीत, असाच आमचा संसार झाला. हॉस्पिटलमधून घरी आले ते उजवा हात लुळा आणि वाचा गेलेली. एकच शब्द उरला होता, "नको". भूक लागली तरी "नको", मला हाक मारायची तरी "नको".

स्पीच थेरपीच्या मॅडम म्हणाल्या, "बोलता न येणारी माणसं कधी कधी गातात. त्यांच्या आवडीची गाणी लावून बघा."

मी भजनं लावली, आरत्या लावल्या, आमच्या लग्नाच्या वर्षातली हिंदी गाणी लावली. तीन आठवडे हे भिंतीकडे बघत राहिले. मग कपाटातल्या बॅगेत त्यांचा बोटीवरचा जुना फोन सापडला. चार्ज केला तर आत गाणीच गाणी, सगळी इटालियन. पहिलंच लावलं आणि हे गायला लागले. अख्खं कडवं, शब्दांसकट! मी कणकेच्या हातांनी दारात उभी. आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. हा माणूस माझ्यासमोर कधी गुणगुणलासुद्धा नव्हता.

मी त्यांच्या बोटीवरच्या मालवणी सोबत्याला फोन लावला.

"वैनी, ती गाणी आमच्या किचनात दिवसभर चालत. हेचो आवाज सगळ्यांत मोठो."

"मग घरी का नाही कधी गायले?"

"घराकडे येवन गातलो कोणासमोर? तुमका कळतला काय?"

दुसऱ्या दिवशी मी वही आणली. ऐकून ऐकून देवनागरीत शब्द लिहायचे, मग मोबाइलवर अर्थ शोधायचा. सुरुवातीला सगळी गाणी सारखीच वाटायची, गोड आणि रडकी. त्यात एक घोगऱ्या आवाजाचा गायक होता. गिटार कर्कश, ड्रम डोक्यात जाणारे. त्याचं गाणं लागलं की मी पुढचं लावायचे. एकदा कामात हात अडकले म्हणून ते गाणं पूर्ण वाजलं. बंद दाराबाहेर उभा राहून कोणीतरी हाका मारतंय, असा त्याचा अर्थ निघाला. त्यानंतर हे झोपले की मी हेडफोन लावून तेच ऐकायचे. मला जे ओरडायचं होतं ते तो ओरडत होता.

मॅडमनी सांगितलं, त्याच गाण्यांच्या चालीत आपले शब्द घाला. मी "पाणी हवंय" घातलं, "भूक लागली" घातलं. चार महिने. मी गाण्याची वाट लावतेय अशा नजरेने हे बघायचे आणि गप्प व्हायचे. एका दुपारी माझा धीर सुटला.

"अहो, एकदा तरी माझं नाव घ्या! परक्या भाषेत अख्खी गाणी येतात तुम्हाला, माझं दोन अक्षरी नाव येत नाही?"

"नको," हे म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

त्या घोगऱ्या गायकाचं गाणं मी मोठ्याने म्हणू लागले, बेसूर, रडत रडत. दुसऱ्या ओळीला ह्यांनी डावा हात वर करून मला थांबवलं. माझ्या तोंडातला एक शब्द चुकला होता. हे तो हळू, नीट बोलले. गायले नाहीत, बोलले. मी तो म्हटला. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि पुन्हा सांगितला. तिसऱ्यांदा माझा बरोबर आला, तेव्हा त्यांनी हात खाली घेतला.

मी धावत जाऊन मॅडमना फोनवर सांगितलं. मला वाटलं, आता सुटलो. पण पुढे काहीच उघडलं नाही. गेल्या महिन्यात मॅडम म्हणाल्या, याहून जास्त येईल असं वाटत नाही. माझं नाव ह्यांच्या तोंडून अजून आलेलं नाही. नाश्ता झाला की आम्ही वही घेऊन बसतो. हे चुका काढतात. माझे उच्चार बरेच सुधारलेत.