कुटारातली ट्रंक

त्या प्रकरणात शेवटी गुन्हा दाखल झालाच नाही. तरीही माझ्या नोकरीतली कोणती घटना मनातून जात नाही असं कोणी विचारलं, तर मी हीच सांगतो.

निवृत्तीला दोन-अडीच वर्षं उरली होती. वाशिम जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा मी ठाणेदार होतो. आमच्या हद्दीत, अनसिंगकडच्या एका गावात, चाळीस वर्षं गाणारी एक गायन पार्टी होती. मेडशी, रिठद, पार हिंगोलीपर्यंत भीमजयंतीच्या कार्यक्रमांना तिला बोलावणं असायचं. इतर पार्ट्यांत पेटी, ढोलकी, बँजो असे. हिच्यात इलेक्ट्रिक गिटार होती. लोक तिला ‘गिटारवाली पार्टी’ म्हणत. गाणी कष्टाची आणि दुःखाची, पण रडवी नव्हेत. ‘खडी फोडणाऱ्या आईचं गाणं’ तर बौद्धवाड्यांपासून एसटी स्टँडपर्यंत सगळीकडे पाठ होतं.

ही गाणी ऐकत मोठी झालेली नोकरदार पोरं-पोरी एकत्र आली आणि त्यांनी पार्टीच्या सगळ्या गाण्यांचा एक संच काढायचं ठरवलं. दहा सीडी, एक पेनड्राइव्ह आणि जुन्या फोटोंचं पुस्तक, असं सगळं एका जाड पुठ्ठ्याच्या पेटीत. पेटी आणि पुस्तक छापून तयार होतं. राहिली होती फक्त पहिल्या तीन वर्षांची गाणी. त्यांच्या कॅसेट मुख्य गायकाकडे एका ट्रंकेत होत्या.

एके सकाळी तो गायक ठाण्यात आला. साठी ओलांडलेला माणूस, पांढरा सदरा, निळं उपरणं. सगळे त्याला मास्तर म्हणत. सोबत या संचाचं काम पाहणारी, जिल्हा परिषदेत नोकरीला असलेली एक मुलगी होती. बोलत तीच होती.

“साहेब, ट्रंक चोरीला गेली. मास्तर म्हणत होते जाऊ द्या. मीच त्यांना घेऊन आले.”

मी मास्तरांना विचारलं, “काय काय होतं ट्रंकेत?”

“कॅसेटा होत्या.”

“किती?”

“असतीन बऱ्याच.”

मग कुलूप कसं होतं, कडी कशी वाकलेली होती, दाराला फट किती होती, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. खटकायला हवं होतं, पण तेव्हा खटकलं नाही. ज्याची वस्तू खरोखर जाते तो वस्तूबद्दल बोलतो, कुलपाबद्दल आपण विचारावं लागतं. मी तक्रारी अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि बीट अंमलदाराला घर पाहायला पाठवलं; तो दाराची कडी पाहून आला.

दुसऱ्या दिवशी गावातून फोन आला. बोलणारा आमचा नेहमीचा खबऱ्या होता.

“साहेब, गिटारवाल्याले विचारा. त्याचं अन् मास्तरचं दहा वर्षांपासून बोलणं नाही. अन् चोरीच्या आदल्या दिशी तो मास्तरच्या घरून निंगताना लोकाइनं पाह्यला.”

निरोप पाठवताच गिटारवाला स्वतः सकाळच्या एसटीने आला. एसटी आगारातून निवृत्त झालेला मेकॅनिक. उंच, सडपातळ. डाव्या हाताच्या बोटांची टोकं तारांनी कडक झालेली.

“मास्तरांकडे गेला होता?”

“गेलतो.”

“कशाला?”

“ट्रंक मांगाले. म्हटलं, पोट्टे इतकं चांगलं काम करून राह्यले, पयल्या कॅसेटा त्याइले देऊन टाक.”

“मग?”

“तो म्हणे पाहू.”

“ट्रंक तुम्ही नेली?”

“नाही.”

“मग कोणी नेली असं वाटतं?”

तो जमिनीकडे पाहत म्हणाला, “मी नाही सांगू शकत साहेब.”

‘मला माहीत नाही’ असं तो म्हणाला नव्हता. मी आवाज चढवून पाहिला, समजावून पाहिलं. भांडण कशावरून झालं ते विचारलं, तरी तो तेच म्हणाला. माझी खात्री पटत चालली की माल याच्याकडेच आहे. त्याला मी बाहेर बाकावर बसवून ठेवलं आणि दुसऱ्या कामाला लागलो. कागदोपत्री तो चौकशीला आलेला होता, पण मी त्याला चोर समजून बसवलं होतं, हे आज कबूल करतो.

दुपारी आमच्या महिला हवालदारांनी त्याला चहा नेऊन दिला. त्या मूळच्या मालेगाव तालुक्यातल्या, लहानपणी याच पार्टीची गाणी ऐकलेल्या. त्याचा चेहरा हलका व्हावा म्हणून त्या म्हणाल्या, “काका, आमच्या आईले तुमचं खडीचं गाणं लय आवडे,” आणि दोन ओळी गुणगुणल्या.

त्याने कप खाली ठेवला.

“बाई, ‘आई’ म्हणताना तिथं आवाज वर नाही नेत. खाली न्या लागते. आई थकली हाय ना. माहा भाऊ खालीच नेत होता.”

“पण मास्तर तं वर नेतात.”

“हो,” तो म्हणाला, आणि कप पुन्हा उचलला.

हवालदार बाई सरळ माझ्या टेबलाशी आल्या. “साहेब, यांना भाऊ होता का गाणारा?”

मी गावातल्या एका म्हाताऱ्या माणसाला फोन लावला. त्याने सांगितलं की पार्टी मुळात गिटारवाल्याच्या थोरल्या भावाने उभी केली. तिसऱ्या वर्षी तो काविळीने गेला. तेव्हा मास्तर त्याच्यामागे कोरसला गायचा.

ट्रंकेत काय होतं ते आता माझ्या लक्षात आलं, आणि ते कोणाला नको होतं तेही.

मी साध्या कपड्यांत हवालदार बाईंना घेऊन मास्तरांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोने पाणी दिलं. मी एकच प्रश्न विचारला.

“मास्तर, पहिल्या कॅसेटमध्ये खडीचं गाणं कोण गातं?”

त्यांनी उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. बायको दारातच उभी होती. ती हळूच म्हणाली, “सांगून टाका आता. मले बी झोप नाही तुमच्या पायी.”

मास्तर उठले. मागच्या खोलीत सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, भरलेलं होतं. दोन्ही हातांनी ते बाजूला करून त्यांनी ट्रंक ओढली आणि माझ्यासमोर आणून ठेवली. सदऱ्याला भुसा चिकटला होता, तो त्यांनी झटकलाही नाही.

“गाणं त्यानं बनवलं साहेब. तो गेला, अन् पुढच्याच कार्यक्रमात लोकाइनं त्याच गाण्याची फरमाइश केली. मी गायलो. निवेदकानं माहं नाव घेतलं. मले वाटलं, खाली उतरल्यावर सांगू. मंग दुसरा कार्यक्रम झाला, तिसरा झाला. मी खोटं कधी बोललो नाही. खरं तेवढं बोललो नाही.”

“आणि आता?”

“आता त्या पोरीनं पुस्तकात छापलं, ‘गीत आणि स्वर’ म्हणून माहं नाव. कॅसेट मांगाले आली तं तोंडातून निंगून गेलं, चोरी गेली म्हणून. तिनं मले गाडीवर बसवलं अन् थेट तुमच्याकडं आणलं.”

“जाळून का नाही टाकल्या?”

“दोनदा माचिस घेऊन बसलो. जाळनं झालं नाही. माह्या दोस्ताचा आवाज हाय तो. त्यानंच तं मले गाणं शिकवलं.”

ट्रंक कुठे आणि कशी सापडली ते लिहून मी त्यांचा जबाब घेतला. खोटी तक्रार देणं हा गुन्हा आहे, हे स्पष्ट शब्दांत सुनावलं. मग म्हटलं, “ज्याच्यावर संशय आला तो माणूस सकाळपासून ठाण्यात बसलेला आहे. चला.”

ते गाडीत बसले. ट्रंक मांडीवर घेतली, खाली ठेवू दिली नाही.

गिटारवाल्याने त्यांना येताना पाहिलं आणि तो उभा राहिला. मास्तरांनी ट्रंक बाकावर ठेवली आणि हात जोडले.

गिटारवाल्याने आधी झाकण उघडलं. एक कॅसेट काढून उजेडाकडे धरली.

“पट्टीले बुरशी तं नाही लागली?”

“नाही लागली. मी दरसाल उन्हात ठेवत होतो,” मास्तर म्हणाले. आणि तिथेच ठाण्याच्या व्हरांड्यात ते रडायला लागले.

“तुले सारं मालूम होतं. इतके वर्षं काहून नाही बोलला?” त्यांनी विचारलं.

“तू गायलं नसतं तं ते गाणं बी त्याच्यासंग गेलं असतं,” गिटारवाला म्हणाला. “पण दहा वर्षांपयले तुह्या सत्काराच्या दिशी वाटलं होतं, आज तरी त्याचं नाव घेशीन. नाही घेतलं. मंग माह्यानं नाही वाजवनं झालं.”

“अन् इथं साहेबाले काहून नाही सांगतलं?”

“साहेबाले सांगून काय करू? तुह्या तोंडून पाह्यजे होतं.”

वस्तू घरातच मिळाली, कोणाविरुद्ध तक्रार नाही, असा अहवाल लिहून मी अर्ज दप्तरी दाखल करून प्रकरण बंद केलं. कारवाई करायला हवी होती, असं एक-दोन सहकारी म्हणाले. त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही.

त्या मुलीने छापलेलं पुस्तक रद्द करून नवं छापून घेतलं. वाशिमच्या एका सभागृहात प्रकाशन झालं. मास्तर माइकसमोर उभे राहिले आणि त्यांनी मित्राचं नाव घेतलं, गाणं कोणाचं ते सांगितलं, आपण काय केलं तेही सांगितलं. कोणी टाळी वाजवली नाही, कोणी दूषणही दिलं नाही. मग पहिली सीडी लावली. खरखर आली, आणि तिच्यातून एका विशी-बाविशीच्या पोराचा आवाज. ‘आई’ या शब्दावर तो खरंच खाली जात होता.

कार्यक्रम संपल्यावर मी गिटारवाल्याला गाठून माफी मागितली. तो हसून म्हणाला, “जाऊ द्या साहेब. जय भीम.”

कबुली मिळाली की माझं काम झालं, असं मी तीस वर्षं मानत आलो होतो. मास्तरांनी मला कबुली दिली तेव्हा त्यांचा चेहरा जरासुद्धा मोकळा झाला नव्हता. तो मोकळा झाला त्या व्हरांड्यात, आणि पुढे त्या माइकसमोर. त्यानंतरच्या नोकरीत कायद्यात बसेल तिथे मी एवढं करत गेलो: जबाबावर सही झाली की मी त्या माणसाला विचारायचो, हे आणखी कोणाला सांगायचं राहिलंय का? बरेच जण मान खाली घालत. पण अधूनमधून कोणी एखादं नाव सांगायचं, आणि मी गाडी काढायला सांगायचो.