गालाशी धरलेली पट्टी

बूढापारा मोहल्ल्यातल्या फोटो लॅबमध्ये मोठे फोटो छापणारा तो माणूस फाइल उघडली की आधी चेहरा पाहत नाही, डोळा पाहतो. एकच डोळा पडद्याभर मोठा करतो आणि पुटपुटतो, "दम आहे," किंवा "दम नाही." व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो तर तो उघडतही नाही. "मूळ फाइल आना भैया. याचा रस गेला, हे चिपाड आहे."

आईच्या पंच्याहत्तरीला दाराएवढा फोटो करायचा होता. मी हौसेनं मोबाइलवर तिचा रंग उजळला, सुरकुत्या पुसल्या आणि तिलाही स्कूटरवर बसवून नेलं. त्यानं नेहमीसारखी आधी चेहऱ्याची एक अरुंद पट्टी छापली, आणि ती घेऊन थेट रस्त्यावर, स्कूटरजवळ थांबलेल्या आईपाशी गेला. पट्टी तिच्या गालाशी धरून उन्हात डोळे बारीक करून पाहत राहिला.

"भैया, मायच्या हनुवटीवरचं गोंदण कुठी गेलं?"

सुरकुत्यांसोबत ते तीन हिरवे ठिपकेही मीच पुसले होते. मी मूळ फोटो दिला.

दुसरी पट्टी निघाली तेव्हा तो जवळजवळ धावतच बाहेर गेला. तोच सावळा रंग, तेच ठिपके. "आता सांगा, गाल कुठी संपला अन् कागद कुठी सुरू झाला?"

आईनं पट्टीवरच्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं.

"हव, ही मी," ती मला म्हणाली. "मघाशी तू कोणाचा फोटो आणला होता रे?"