तापवाल्याच्या घरातली गोळी

कोरीटमध्ये छगनला सगळे तापवाला म्हणत. मलेरिया खात्यात तो साठ साली लागला. खाकी पिशवी खांद्याला लावून दर पंधरवड्याला तो घरोघर जायचा, कुणाला ताप येऊन गेला का विचारायचा, बोटातून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा आणि मोठ्या माणसाला चार गोळ्या द्यायचा. चारही एकदम, जेवणावर, त्याच्या डोळ्यांसमोर. गोळ्या कडू म्हणून लोक एक गिळायचे आणि तीन कुडाच्या फटीत कोंबायचे. छगन हात जोडायचा, कधी दटावायचा, पण चार पोटात गेल्याशिवाय उंबरा सोडायचा नाही. पाच वर्षांत गावाला ही शिस्त लागली.

पासष्टच्या दिवाळीनंतर त्याच्याच घरात दुखणं शिरलं, आणि ते काचेवर दिसणारं नव्हतं. बायको वत्सला एक दिवस चुलीपुढून उठली आणि पुन्हा चुलीकडे गेलीच नाही. काही घडलं नव्हतं. दोन्ही पोरं धडधाकट, कापूस चांगला आलेला. बायका येऊन विचारायच्या, तुले काय कमी शे? तिलाही तेच कळत नव्हतं. ती पहाटे तीनला जागी व्हायची आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. भगताने लिंबू उतरवला, माहेरच्यांनी दोरा बांधला. माघात तिने जावेला, मीनाबाईला, शांतपणे सांगितलं, मन्हा मांगे पोरेसले तूच सांभाळजो. मीनाबाईने ते छगनला सांगितलं, तेव्हा त्याने रजेचा अर्ज टाकला आणि नंदुरबारहून गाडी धरून तिला सुरतेला नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी तासभर तिच्याशी बोलून एक नवी निघालेली गोळी लिहून दिली. आठ दिवस दिवसाला एक, मग दोन, मग तीन. तोंड कोरडं पडेल, पोट साफ होणार नाही, उठताना चक्कर येईल. म्हणून आधी बसायचं, मग उभं राहायचं. गुण तीन आठवड्यांनी येईल, तोवर काहीच होत नाही म्हणून सोडायची नाही, आणि बरं वाटलं म्हणूनही आपल्या मनाने सोडायची नाही. बाटली कुलपात ठेवायची. मग वत्सलेला बाहेर बसवून ते छगनला म्हणाले, "आधी हातपाय जागे होतात, मन मागून. ती हिंडूफिरू लागेल, तेव्हाच तिला एकटी सोडू नका."

सहाव्या दिवशी नंदुरबारला खात्याची बैठक होती. छगनने बाटली ठेवलेल्या पेटीची किल्ली आईकडे, कौसाबाईकडे दिली आणि दुपारी जेवणानंतर वत्सलेला गोळी दे एवढं सांगून सायकलीवर टांग टाकली. किती, ते सांगायचं राहिलं. कौसाबाईने सून जेवल्यावर चार गोळ्या तळहातावर काढून दिल्या आणि गिळेपर्यंत समोर उभी राहिली.

छगन परतला तेव्हा वत्सला ओसरीवर आडवी होती. कपाळाला खोक पडली होती. झोपेतून एकदम उठताना तिचा तोल गेला आणि जात्यावर डोकं आपटलं. जीभ लाकडासारखी झाली होती, छातीचे ठोके मोजता येत नव्हते. छगनने आईला विचारलं, किती दिल्या? एकच द्यायची होती, म्हणाला. म्हातारी गोंधळून गेली.

"गावले चार, आनि मन्ही बहूले एकच? तूच ते सांगस, चार एकदम."

त्याने बैलगाडी जुंपली. नंदुरबारच्या डॉक्टरांनी तिला दोन दिवस नजरेखाली ठेवलं. चारांवर निभावलं, म्हणाले, पण सगळी बाटली गेली असती तर माणूस हाती लागलं नसतं. तिसऱ्या दिवसापासून पुन्हा एकेक सुरू करा.

घरी कुणाला ती बाटली डोळ्यांपुढे नको होती. छगनचा भाऊ पितांबर म्हणाला, ते विष तापीत टाकून ये. छगनने किल्ली करगोट्याला बांधली आणि गोळी स्वतः देऊ लागला.

चौथ्या आठवड्यात वत्सलेने अंगण झाडलं. दोन दिवसांनी पीठ मळलं. घरात जीव आला. कौसाबाईने सोयऱ्यांना सून बरी झाल्याचे निरोप धाडले आणि सुनेला म्हणाली, उद्या शेतात भाकरी घेऊन जा, जरा वारा लागेल. छगन मध्ये पडला. एकटी कुठेच जायची नाही. आईला राग आला. तू बायकोना राखणदार व्हयनास, आता नोकरी सोड, म्हणाली. नोकरी सोडता येत नव्हती, आणि घरात त्याचं कुणी ऐकणारं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पिशवी खांद्याला लावून तो वत्सलेला म्हणाला, चाल मन्हा संगे.

ती मागून चालू लागली. तो विचारपूस करी, ती ओट्यावर बसून राही. पारावर लोकांना विषय मिळाला. धुडकूने विचारलं, सरकारने तापवाल्याले जोडीदारीण बी दिनी का? वत्सला पदर पुढे ओढी. छगन खाली मान घालून काच पुसत राही.

नवव्या दिवशी दुपारी ते पितांबरच्या केळीच्या बागेत थांबले. छगन सालदाराच्या पोराचं रक्त घेत होता. मान वर केली तर वत्सला विहिरीच्या काठाशी उभी. त्याने हाक मारली नाही. हाक मारली तर काय होईल हे त्याला ठाऊक नव्हतं. सुई तशीच हातात धरून तो चालत तिच्याजवळ गेला. तिने मागे पाहिलं, मग पुन्हा खाली पाण्याकडे.

"तुम्ही संगे व्हतात म्हनीसन ऱ्हायनू. नही ते आज मी हिरमा ऱ्हाती."

ती रडली नाही. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं तिने सांगितलं. छगनने तिचा दंड धरला आणि तिला बागेच्या बांधापर्यंत आणलं. दोघं तिथे खाली बसली. जरा वेळाने त्याने दुपारची गोळी काढली. तिने ती घेतली, कोरड्या ओठांवर पाणी फिरवलं आणि विचारलं, आखो किती दिन?

"माले बी माहीत नही," तो म्हणाला. परवाच्या गाडीने सुरतेला जाऊन हे सगळं डॉक्टरांच्या कानावर घालायचं त्याने ठरवलं.

संध्याकाळी त्याने विहिरीपाशी ऐकलेलं आईला जसंच्या तसं सांगितलं. सकाळी कौसाबाईने एकाच फडक्यात दोघांच्या भाकरी बांधल्या, गाठोडं सुनेच्या हातात दिलं आणि दोघं गल्लीच्या वळणाआड जाईपर्यंत दारात उभी राहिली.