डोलकाठीच्या सळ्या

कापसाचा बोळा सळीभोवती धरायचा आणि वरून खाली हलकेच ओढत आणायचा. धागा जिथे अडकेल तिथे तडा. "डोळ्याले नाही दिसत गा, कापसाले दिसते," काका म्हणत.

भंडाऱ्याजवळच्या आमच्या कारखान्याच्या तलावावर साहेबलोकांच्या हौसेची एक शिडाची होडी होती. तिची डोलकाठी पोलादी सळ्यांनी ताणून उभी केलेली. त्या सळ्यांची देखभाल काकांकडे. काका अड्याळचे, वर्कशॉपातले फिटर. मी त्यांच्या हाताखाली शिकलो आणि होडी चालवू लागलो. तपासताना त्यांना तुम्ही पाहिलं असतं तर हसला असता. चष्मा कपाळावर आणि डोळे चक्क मिटलेले. जेवताना भाजी आधी माझ्या झाकणात पडे. "खाय, नाहीतर वाऱ्यानं उडशील."

एकदा नागपूरहून मोठे पाहुणे येणार होते. त्यांच्यासमोर होडीची फेरी ठरली. सकाळी काकांनी डोलकाठी आडवी करून सळ्या तपासल्या.

"काका, जाऊ ना?"

"जाय बिनधास्त."

तलावाच्या मध्यावर वारा वाढला. वरच्या टोकाशी सळी तुटली आणि डोलकाठी माझ्या डाव्या खांद्यावर कोसळली.

तुटलेलं टोक एका सोबत्याने दवाखान्यात आणून दाखवलं. तुटल्या जागी अर्धा भाग चकचकीत, अर्धा गंजून तांबूस. म्हणजे तडा जुना होता. वरून त्यावर ताजा रंग फासलेला.

संध्याकाळी काका संत्री घेऊन आले आणि सोलत बसले.

"काका, तुमाले तडा दिसला होता का?"

त्यांनी अख्खं संत्रं सोललं. मग म्हणाले, "दिसला होता."

"मंग काहून सोडलं मले?"

"साहेब म्हणे, फेरी झालीच पायजे. माह्या पोट्ट्याची नोकरी त्याच्याच हातात होती गा."

निदान माझ्याशी तरी खरं बोलले, असं वाटलं.

चौकशीत मात्र ते म्हणाले, सळी ठीक होती, यानेच ती जास्त आवळली. माझ्याकडे न पाहता म्हणाले. होडी माझ्याकडून काढून घेतली. त्यांचा मुलगा कामावर लागला आणि काका रिटायर होऊन अड्याळला गेले.

काही वर्षांनी तो मुलगा कारखान्याच्या खाकी कपड्यांत माझ्या दारात आला.

"बाबा गेले, भाऊ. तुमचं नाव लय घेत. तेरवीले येजा."

त्याला काहीच ठाऊक नव्हतं, ते तोंडावरून कळत होतं. मी त्याला पाणी दिलं, उजव्या हाताने. डावा अजून वर जात नाही. "येतो," म्हणालो.

तेरवीला स्टँडवर गेलोही. अड्याळची एसटी लागली, भरली, निघून गेली. मी बाकावरच बसून होतो.